काट्याचा नारळ

सकाळी साडेदहाला भीमपूर रस्त्यावरच्या जिनिंगमधला वजनकाट्याचा संगणक अडला. उत्कर्षा त्यावर लिनक्स चढवत होती. पडद्यावर पुन्हा पुन्हा एकच ओळ येत होती : डिस्क सापडली नाही.

सुरेंद्र तिच्या मागे हाताची घडी घालून उभा होता. सकाळी कुणी यायच्या आत त्यानंच बायोसमधली, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमधली, डिस्कची ओळ एएचसीआयवरून रेडवर नेऊन ठेवली होती. या मशीनवर तेवढं केलं की लिनक्सला डिस्क दिसत नाही.

काटा कित्येक वर्षं त्याच्याकडे होता. हंगामाच्या पहिल्या गाडीचं वजन जो घेईल त्याच्या हाती मालक नारळ देतो, मग हंगामभर काटा त्याचा, अशी इथली रीत. यंदा मालकानं, भगवंतरावांनी, काट्यासाठी उत्कर्षाला बोलावलं. तिला माउस धरायला सुरेंद्रनंच शिकवलं होतं. आता ड्रायव्हर तिला मॅडम म्हणत, आणि त्याला नुसतं सुरेंद्र.

फाटकापर्यंत कापसाचे ट्रॅक्टर खोळंबले होते. भगवंतराव आत डोकावले.

"काऊन रे सुरेंद्रा, तोंड पाडून उभा? पोरगी तुयाच क्लासची ना? जाय, हापिसातला नारळ घेऊन ये."

तिच्यासाठीचा नारळ, आणि आणायचा त्यानं. जाताना-येताना त्याच्या मनात एकच होतं : ती ओळ तशीच राहो.

तो परतला तेव्हा संगणक नुकताच पुन्हा सुरू झाला होता. उत्कर्षा खुर्चीवरून उठली. मालकाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, तुमीच बसा. माह्याच्यानं होऊन नाही राह्यलं."

नारळ टेबलावर ठेवून तो ऐटीत बसला. मशीन परत चालू करून बायोस उघडलं. बोटं सवयीनं त्या ओळीवर गेली आणि तिथंच थांबली.

एएचसीआय. सकाळी त्यानं ठेवलेलं रेड तिथं नव्हतं.

त्यानं मागं पाहिलं. उत्कर्षा खिडकीतून ट्रॅक्टर बघत होती.

काही न बदलता तो बायोसमधून बाहेर पडला. इन्स्टॉलर सुरू केला. डिस्क दिसली.

"जुनं ते जुनंच," भगवंतराव खूश होऊन म्हणाले.

दुपारी काटा चालू झाला. पहिल्या ट्रॅक्टरचं वजन सुरेंद्रनं घेतलं आणि मालकानं नारळ त्याच्या हातात दिला. तो त्यानं अजून फोडलेला नाही. उत्कर्षानंही अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.