आम्हीही गिऱ्हाईक

"आजोबा, गिऱ्हाईक आलं!" नात ओरडली. मी चहाचा कप लपवला आणि आम्ही घर बघायला आल्यासारखे उभे राहिलो.

मुद्रांक शुल्क कमी व्हावं म्हणून माझा बिल्डर मुलगा मंत्रालयात खेटे घालून दमला, पण फ्लॅट खपेनात. राहतं घर विकून आम्ही सॅम्पल फ्लॅटमध्ये राहायला आलो. इमारत ओस दिसू नये म्हणून गिऱ्हाईक आलं की आम्हीही गिऱ्हाईक व्हायचं.

"आवडलं का गं घर?" आलेल्या बाईंनी नातीला विचारलं.

"खूप! आम्ही हेच घेणार." मी शिकवलेलं वाक्य तिनं चोख म्हटलं.

बाई नवऱ्याकडे वळल्या. "अहो, यांच्याआधी आपण ठरवू. हाच फ्लॅट, सामानासकट!"

घर दाखवणाऱ्या माझ्या मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

जिना उतरताना नातीनं विचारलं, "आजोबा, नाटक संपलं ना? घरी जाऊ या?"