कोपऱ्यातली सही

पुस्तकांचं खोकं सत्त्याऐंशीच्या जूनमध्ये दुपारच्या टपालानं आलं. प्रतापच्या बायकोला, शरयूला, जाऊन चार महिने झाले होते.

प्रतापनं ते किचनच्या टेबलावरच फोडलं. आत बारा वर्षांची मेहनत होती. जुन्या इंग्रजी साप्ताहिकांतली चित्रं लाकडाच्या ठोकळ्यांवर कोरणारे कारागीर, ज्यांना जग साफ विसरलं, त्यांच्यावरचं पुस्तक. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसरच्या इंजिनियरला हे वेड कुठून लागलं, देव जाणे. नोकरी सांभाळून तो लिहीत राहिला आणि बायको चित्रं काढत राहिली. कुठल्या कारागिराची रेघ कशी चाले, हे मोठं करून दाखवणारी चौसष्ट चित्रं. इंजिनियर असूनही प्रतापला पट्टीशिवाय सरळ रेघ येत नसे. शरयू मुंबईच्या आर्ट स्कूलमध्ये शिकली होती. अमेरिकेत आल्यावर तिच्या हातचं एवढंच छापलं गेलं.

त्यांच्या मुलीनं, विनीतानं, आधी आभाराचं पान उघडलं. ग्रंथपाल होते, टायपिस्ट होती, बर्फात लायब्ररीपर्यंत सोडणारे शेजारचे रवीकाकासुद्धा होते. तिनं पान दोनदा वाचलं.

"बाबा, व्हेअर इज आई?"

"अगं, घरच्या माणसाचे कुणी आभार मानतं का? परकं वाटतं ते."

"शी ड्रू ऑल ऑफ इट, बाबा!"

लिहिताना हे प्रतापच्या मनातही आलं नव्हतं. आता छापलेलं पान बदलणार नव्हतं.

विनीतानं आईचं भिंग आणलं आणि पहिल्या चित्रावर धरलं. उजव्या कोपऱ्यात, रेघांच्या गर्दीत, मुंगीएवढा 'श' होता. पुढच्या चित्रातही होता. त्याच्या पुढच्याही. शंभर वर्षांपूर्वीच्या सह्या हुडकत बसलेल्या प्रतापला घरातली ही सही कधीच दिसली नव्हती. त्याला रडू आवरेना.

उजवा कोपरा कोरणाऱ्याचा, डावा मूळ चित्रकाराचा. त्या जुन्या धंद्यातली ही रीत त्यानंच शरयूला शिकवली होती. त्यानं विनीताकडून भिंग घेतलं आणि सवयीनं डावीकडे सरकवलं.

चौसष्ट चित्रांत चौसष्ट वेळा, चित्रकाराच्या जागी, तिनं 'प्र' लिहिलं होतं.