ताईसाठी स्वेटर

"हा वन्संना द्या," बायकोने स्वेटर पिशवीत कोंबला. "त्यांनी अंगात घालून बघितला की तिथूनच फोन लावा. आज मीच आधी बोलणार आहे."

घड्याळजींनी पिशवी उचलली. कुठल्याशा क्षुल्लक कारणावरून नणंद-भावजयीचा अबोला होता, आणि त्या अबोल्यावरच त्यांचं सगळं निभत होतं. दर बुधवारी दुकान बंद ठेवून ते शेजारच्या गावी 'ताईकडे' जात. प्रत्यक्षात ताईच्या घराची पायरी ते कित्येक महिन्यांत चढले नव्हते.

ते जात तिथल्या व्यसनमुक्ती केंद्रात. दारू सुटली, असं त्यांनी बायकोला पूर्वीच शपथेवर सांगितलं होतं. पुन्हा प्यालात तर मी या घरात राहणार नाही, असं तिनेही बजावलं होतं. ती बोलेल तसं करणारी होती.

तसं केंद्र त्यांच्याही गावात होतं, अगदी दुकानासमोर. पण तिथे पाऊल टाकणं म्हणजे गावभर दवंडी पिटणंच. काउंटरमागून त्यांना रोज दिसत, माना खाली घालून आत शिरणारे. सगळे बाहेरगावचे.

"इथले तिकडे जातात, तिकडचे तुम्ही इकडे येता," ताईच्या गावच्या केंद्रातल्या समुपदेशक बाई हसून म्हणाल्या. "बसवाल्यांची चंगळ आहे. हात दाखवा बघू."

घड्याळजींनी हात पुढे केले. बोटं स्थिर होती. परवाच त्यांनी एका लेडीज घड्याळाचं इवलंसं चाक पहिल्या प्रयत्नात बसवलं होतं. आता कुठे जमत आलं होतं, आणि नेमका आताच हा स्वेटर!

बाहेर पडल्यावर त्यांनी तोंडात पेपरमिंटची गोळी टाकली. पिणं थांबलं तरी वास लपवायची सवय जात नव्हती. चालता चालता त्यांनी ठरवलं, ताईला सगळं सांगून टाकायचं. ती चिडेल, रडेल, पण पाठीशी घालेल. लहानपणीही घालायची. भाऊ बुधवारी माझ्याकडेच असतो, एवढं ती फोनवर म्हणाली की झालं.

दार भावोजींनी उघडलं.

"अरे वा! या, या. बऱ्याच दिवसांनी!" त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि टेबलावरची बरणी उघडून समोर धरली. "घ्या, पेपरमिंट. हल्ली तुमच्या ताईच्या तोंडात सारखी हीच असते."

घड्याळजींनी एक गोळी घेतली आणि स्वेटर मांडीवर ठेवला.

"आज दुकान कुणावर सोडून आलात?" भावोजींनी विचारलं.

"बुधवारी बंदच असतं की."

"पुरे झाली थट्टा," भावोजी हसले. "ती सकाळच्या बसने तुमच्याच दुकानात गेलीय. दर बुधवारी जाते तशी."