दबलेलं पितळ

बबलूभाईनं कळशी तेजाबाच्या टबात बुडवली आणि तोंड फिरवलं. लालसर वाफ उठली.

"अम्मा, जरा पीछे हटो. नाक में गया तो खांसते बैठते."

शैला मागं सरकली. जामबाग बाजाराच्या मागच्या गल्लीतलं हे भांडी पॉलिशचं दुकान. दुकान कसलं, पत्र्याखाली दोन टब आणि एक नळ.

निशिगंधा पायरीवर उभी राहून केटररशी फोनवर हुज्जत घालत होती. चार दिवसांनी तिचं लग्न. रुखवतात घरातलं एक तरी जुनं पितळी भांडं मांडायचं, हा तिचाच हट्ट. नाहीतर हायटेक सिटीत नोकरी करणाऱ्या पोरीला कळशीचं काय कौतुक! शैलानं माळ्यावरून ही काढून दिली. "कुणाची गं मम्मी?" पोरीनं विचारलं, तर "घरातलीच आहे, जुनी," एवढंच म्हणाली.

कळशी निशिगंधाच्या आईची होती. आई गेली तेव्हा निशिगंधा तीन वर्षांची. वर्षभरानं शैला या घरात दुसरेपणावर आली. नवी नवरी, आणि पाणी भरायचं ते पहिलीचं नाव घातलेल्या कळशीनं! मेलेली असली म्हणून काय झालं, सवत ती सवतच. रोज वाकलं की नाव डोळ्यांपुढं. एक दिवस शैलानं कळशी बाजारात नेली आणि नाव घासून गुळगुळीत करून आणलं. पुढं निशिगंधा कळती झाली, आईची एखादी वस्तू मागायला लागली. "काही राहिलं नाही बेटा, सगळं तिच्या माहेरच्यांनी नेलं," असं सांगून शैला मोकळी झाली. तोवर पोर इतकी जीवाला लागली होती की खरं सांगायची हिंमतच होईना.

बबलूभाईनं कळशी बाहेर काढून नळाखाली धरली. वर्षानुवर्षांचा काळा थर साफ निघाला होता. त्यानं ती उजेडाकडं फिरवली आणि थबकला.

"अम्मा, इसपे नाम था क्या?"

"नाही हो," शैला चटकन म्हणाली.

"है ना जी. देखो."

कळशीच्या गळ्याखाली, ठिपक्याठिपक्यांनी, पुसट काळं: भाग्यलक्ष्मी.

"घासून काढलं होतं," शैला पुटपुटली. "हात फिरवला तरी लागत नव्हतं."

"ऊपर ऊपर से घिसे, अम्मा. नाम ठोक के डालते ना, तो नीचे का पीतल अंदर तक दब जाता. घिसो, चमकाओ, अंदर की मार वैसीच रहती. तेजाब वो दबी हुई जगह को पहलेच खाता, बाकी पीतल को बाद में." रोज दहा गिऱ्हाइकांना सांगावं तसं त्यानं सांगितलं. मग आवाज खाली आणून म्हणाला, "नक्को तो मोटर पे मार दूं क्या? गहरा मारा तो फिर नहीं आता. दो मिनट का काम."

शैलानं पायरीकडं पाहिलं. निशिगंधाची पाठ होती. "अहो, दोन-दोन पनीरच्या भाज्या कशाला?" तिचं चालूच होतं.

शैलानं होकाराची मान हलवली. बबलूभाईनं मोटार सुरू केली आणि कळशी फिरत्या चाकाजवळ नेली.

"थांबा!" शैला एवढ्यांदा ओरडली की निशिगंधानं केटररचा फोन कट केला. "निशी, इकडं ये."

"अय्यो, कसली चमकतेय!" निशिगंधा आली आणि तिला ठिपके दिसले. मराठी तिला बोलण्यापुरतीच; शाळा सगळी इंग्रजी-तेलुगूत. वाचायचं म्हणजे बोट ठेवून. "भा... ग्य... ल..." बोट पुढं सरकेना.

"मम्मी." तिचे डोळे भरून आले. "तू आईचं नाव घालून घेतलंस? माझ्यासाठी?"

आणि तिनं शैलाच्या गळ्यातच मिठी घातली. "माझ्याकडं आईचं काहीच नाही म्हणून ना? किती गं गुणाची तू!"

बबलूभाई खाली बघत हाताला साबण लावत राहिला. शैलानं आता नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढ्यानं भागलं असतं, आणि वर कौतुक झालं असतं.

"घातलं नाही गं," ती पोरीच्या खांद्यावर डोकं टेकून म्हणाली. "ते होतंच. मीच घासून काढलं होतं."

मोटार घरघरत होती. "काय?" निशिगंधानं हसत, डोळे पुसत विचारलं. "ऐकूच नाही आलं."

शैलानं तिचे हात गळ्यातून सोडवले आणि आपल्या हातांत घट्ट धरले.

"बबलूभाई," ती म्हणाली, "ती मोटार बंद करा."