वळणावरची टपरी

रस्ता हा संस्कृतीचा पहिला संस्कार आहे, असं निवृत्त भूगोलशिक्षक वामनराव घैसास मानत. पडद्यावरच्या गावकऱ्यांना ते मान्य नव्हतं.

डोंगरात पायवाट हवी असेल, तर आता ती आधी संगणकावरच्या खेळात बांधून दाखवावी लागे. गावातल्या प्रत्येकाची हुबेहूब नक्कल त्या खेळात होती. नकला वाटेवरून चालल्या, तरच वाट खोदणारं सरकारी यंत्र खऱ्या डोंगराला हात लावी. वरच्या वाडीत राहणाऱ्या बहिणीच्या, सिंधूताईंच्या, गुडघ्यांसाठी वामनरावांनी सावकाश उतरणारी, देखणी वळणं काढली. पण वळण आलं रे आलं, की नकला वाट सोडून सरळ खाली घसरत.

"अण्णा, माझी नक्कलसुद्धा बसून घसरतेय," सिंधूताई फोनवर म्हणाल्या. "गुडघे कोणाचे दिलेत तिला?"

"तुझेच. अक्कलही तुझीच."

शेवटी वामनरावांनी वळणावळणावर चहाची टपरी मांडली. नकला लगेच शहाण्यासारख्या वाटेने चालू लागल्या. वाट मंजूर झाली, यंत्राने ती तंतोतंत खोदली.

उद्घाटनाला सिंधूताई पहिल्या वळणापर्यंत आल्या आणि थांबल्या. बाकीचं गाव केव्हाच सरळ खाली घसरलं होतं.

"अण्णा, टपरी कुठंय?"

यंत्राला फक्त खोदता येत होतं.