बाईंचं बटण

टेबलावरचा थर्मामीटर एकोणीस म्हणत होता आणि संगणक चोवीस. दोघांपैकी एक जण धडधडीत खोटं बोलत होता, आणि चार वाजायला पाऊण तास उरला होता.

वेधशाळेने डोळे चोळले. तिचं काम इमारतींतल्या हवेचा अभ्यास करण्याचं. लॅपटॉप घेऊन ती या मजल्यावर आली आणि दुसऱ्याच दिवशी लोकांनी तिचं 'वेधशाळा' असं बारसं उरकून टाकलं. दोन आठवडे खपून तिने अख्खा मजला संगणकात उभा केला होता. खिडक्या, खांब, थंड हवा सोडणाऱ्या छताच्या जाळ्या, बेचाळीस माणसं आणि त्यांच्या अंगची ऊबसुद्धा. एक्केचाळीस खुर्च्यांचे आकडे थर्मामीटरशी जुळले. बेचाळिसावी खुर्ची आवक-जावक बाईंची.

बाई खांबामागच्या कोपऱ्यात दोन स्वेटर घालून बसल्या होत्या. हातमोज्यांची टोकं कापलेली, म्हणजे शिक्का नीट धरता येतो.

"काय म्हणतंय तुझं यंत्र?" बाईंनी विचारलं.

"तुम्हाला छान वाटतंय म्हणतंय."

"साहेबही तेच म्हणतात. मनाचे खेळ आहेत म्हणे." बाईंनी एका लिफाफ्यावर शिक्का हाणला. "चार वाजता साहेबांपुढे तुझा नकाशा हिरवा, म्हणजे सगळं आलबेल, निघाला की माझं टेबल तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये. तिथे ऊब असते म्हणतात. उंदरांना तरी आवडते."

बाई हसल्या. वेधशाळेने पडद्याकडे पाहिलं. नकाशा हिरवागार होता. तिचाच होता.

बाई उठल्या. खांबावर एक गोल बटण होतं, या कोपऱ्याच्या जाळीचं. त्यांनी ते चोवीसवरून सव्वीसवर नेलं आणि सवयीने वर पाहिलं. जाळीतून सुटणारा वारा जसाच्या तसा. वेधशाळाही उठली. तिने बटण फिरवून पाहिलं. सव्वीस, तीस, अठरा. बरणीचं झाकण फिरावं तसं ते फिरत होतं, निमूटपणे.

शिडीवर एसीवाले काका जाळी पुसत होते. ते फारच मन लावून पुसायला लागले.

"काका, या बटणाची वायर कुठे जाते?"

"भिंतीत."

"आणि भिंतीतून?"

काका दोन पायऱ्या उतरले. "भिंतीतच," ते म्हणाले.

आजूबाजूचे कीबोर्ड थांबले.

"साहेबच म्हणाले होते," काका पुटपुटले, "त्यांना फिरवायला काहीतरी द्या, म्हणजे तक्रारी थांबतील. सहा वर्षं झाली, बाई. चुकलो."

बाई बटणाकडे बघत राहिल्या. "आणि मला दुपारी जरा बरं वाटायचं हो," त्या हळूच म्हणाल्या.

वेधशाळेला त्यांच्यासाठी वाईट वाटलं, काकांचा राग आला, आणि त्या दोन्हींच्या डोक्यावरून एक तिसरंच काहीतरी उसळून वर आलं. बाईंच्या खांबावरचं बटण तिनेही खरं मानलं होतं! हवा मोजणारा डोळा, म्हणजे सेन्सर, तिने संगणकात तिथेच बसवला होता. म्हणून संगणकातला बाईंचा कोपरा सुखात होता.

"काका! खरा सेन्सर कुठाय?"

"या पार्टिशनच्या फळीपलीकडे. झेरॉक्स मशीनच्या मागे. बसवला तेव्हा तिथे नुसतं कपाट होतं."

"आणि मशीन दिवसभर त्याच्यावर गरम फुंकर घालतंय!" ती जवळजवळ ओरडलीच. "तो बिचारा म्हणतोय उकडतंय, उकडतंय, आणि जाळी गारवा ओततेय बाईंच्या डोक्यावर!"

"आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी," शेजारच्या टेबलावरून कुणीतरी म्हणालं.

तिने संगणकातला सेन्सर उचलून फळीपलीकडे ठेवला, त्याच्यासमोर एक गरम झेरॉक्स मशीन बसवलं आणि गणित पुन्हा सुरू केलं. पंधरा मिनिटं लागणार होती. दहा टक्के. बावीस टक्के. तिची बोटं टेबलावर ठेका धरत होती. माणसं एकेक करून खुर्च्या सोडून तिच्यामागे जमली. एवढी गर्दी या मजल्यावर पगारवाढीच्या यादीलाच व्हायची. चौसष्ट टक्के. काका शिडी विसरून पुढे आले.

मग पडद्यावर, छताच्या जाळीतून, एक निळी जीभ खाली उतरली. खांबाला आपटली, वळली, आणि बरोबर एका खुर्चीच्या मानेवर जाऊन टेकली. कोपऱ्यात आकडा उमटला. एकोणीस.

"जुळलं!" वेधशाळेने टेबलावर हात आपटला. "जुळलं, बाई! हे बघा, हा तुमचा वारा!"

बाई वाकून बघत होत्या. बघता बघता त्यांचा हात आपल्याच मानेवर गेला, नेमका जिथे निळं टेकलं होतं तिथे. "अगं बाई," त्या म्हणाल्या, "हाच तो मेला." आणि डोळे पुसत हसायला लागल्या.

चारच्या ठोक्याला साहेब आले. त्यांनी पडदा पाहिला, गर्दी पाहिली, काकांचा चेहरा पाहिला. मग घसा खाकरून म्हणाले, "ठीक आहे. सेन्सर आजच हलवा. तळघराचं राहू द्या." आणि रुमालाने कपाळ टिपत केबिनकडे वळले.

काकांनी पेचकस काढून खांबावरचं बटण सोडवलं. मागून एक वीतभर वायर लोंबली, टोकाला काहीच नसलेली. ते टाकायला कचऱ्याच्या डब्याकडे वळले, तशी बाईंनी हाक मारली.

"अहो, टाकू नका ते."

"मग काय करू?"

बाईंनी वरचा स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला.

"साहेबांच्या केबिनमध्ये लावा. त्यांना उकडत असतं."