अकरावा

प्रार्थना म्हणवणाऱ्या हझ्झनांनी पुन्हा एकदा सगळ्यांवरून बोट फिरवलं. माणसं आकड्यांनी मोजायची नाहीत, अशी रीत. म्हणून दहा शब्दांचं एक वचन म्हणायचं, माणसामागे एक शब्द. शेवटचा शब्द, 'हाओलाम', याही वेळी कुणावर पडला नाही.

दहा ज्यू पुरुष नसतील तर मृतासाठी म्हणायचं कद्दिश नाही. ब्राउनश्वाइगच्या त्या दफनभूमीत नऊच होते. मधे साध्या लाकडाची पेटी, आणि पेटीत सिपोराचे पप्पा: एझकेल नागावकर, भारताकडून फुटबॉल खेळलेले, पुढे त्याच संघाचे मॅनेजर झालेले.

सिपोराचा नवरा वेदांग तिच्या कानाशी आला. "मी नाही चालणार?"

"तू हिंदू ना रे."

"पप्पा म्हणाले असते, जावईबापू, बेंचवर बसा."

ती हसली नाही, पण त्याचा हात घट्ट धरला. पप्पांनी एकच मागितलं होतं. "अलिबाग काय नि इथं काय, माती मातीच. कद्दिश तेवढं होऊ दे, पोरी."

"थोडं थांबू," हझ्झन म्हणाले. "नाहीतर मग कद्दिशवाचूनच."

तेवढ्यात फाटक करकरलं. काठी टेकत, धापा टाकत ग्रिगोरी येत होता. ओडेसाचा म्हातारा. सिनेगॉगच्या हॉलमधल्या टीव्हीसमोर पप्पांशी एका गोलवरून भांडला, त्यानंतर दोघांचा अबोला. सिपोराने त्याला कळवलंही नव्हतं.

"बस चुकली," तो जर्मनमध्ये पुटपुटला. मग पेटीकडे वळला. "पण तो गोल ऑफसाइडच होता, मॅनेजरसाहेब. आजही सांगतो!"

नऊ जणांतलं कुणीतरी खुदकन हसलं. सिपोराने सकाळपासून कोंडलेला श्वास सोडला.

हझ्झनांनी परत बोट फिरवलं. 'हाओलाम' ग्रिगोरीच्या टोपीवर येऊन थांबला.

"गेनाऊ. बरोब्बर," हझ्झन म्हणाले.

पप्पाही मैदानात सोडण्याआधी आपले खेळाडू असेच मोजायचे. दहा शब्द संपायचे आणि गोलकीपर उरायचा. मग त्याच्या डोक्यावर हात ठेवून ते म्हणायचे, "आणि हा आपल्या घरचा."

सिपोरा पुढे झाली. तिने पेटीवर तळहात ठेवला.

"आणि हा आपल्या घरचा," ती म्हणाली.